आरसी ट्रकसाठी बॅटरीचा ट्रे घरी बनवणे: पीव्हीसी पाइपचा पत्रा, खानदेशातले ऊन आणि वजनाची जागा

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. गिरणेच्या पात्रातल्या वाळूत आणि काठच्या खडकांवर चालवण्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी १:१० प्रमाणाचा एक क्रॉलर, म्हणजे खडकांवर चढणारा रिमोटवरचा (आरसी) ट्रक, दुसऱ्याकडून विकत घेतला. ट्रक उत्तम निघाला, परंतु त्याचा बॅटरी ट्रे मागच्या ॲक्सलच्या वर बसवलेला होता, आणि तोही जुन्या निकेल-मेटल-हायड्राइड पॅकच्या मापाचा होता. त्यामुळे खडा चढ आला की ट्रकचे तोंड उचलले जाई आणि ट्रक उलटा पाठीवर येई. तयार ट्रे मागवायचा तर तो माझ्या चेसिसला बसेलच याची खात्री नव्हती, म्हणून मी स्वतः बनवायला घेतला. आजवर सात ट्रे झाले. त्यांपैकी चार टाकून द्यावे लागले आणि तीन अजून कामात आहेत. त्यातून जे हाती लागले ते येथे सविस्तर मांडतो, म्हणजे आपल्या भागातल्या कोणाला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही.

आधी वजनाचे पाहू, कारण ट्रे कोठे बसवायचा हे ठरल्याशिवाय तो कसा असावा हे ठरत नाही. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा घ्यावा, ट्रकची पुढची दोन चाके काट्यावर ठेवावीत आणि मागची दोन चाके काट्याइतक्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवावीत. माझ्या ट्रकचे बॅटरीसह एकूण वजन २४०० ग्रॅम आहे. बॅटरी मागे असताना पुढच्या चाकांवर ११०५ ग्रॅम, म्हणजे ४६ टक्के भार येत होता. बॅटरी २८० ग्रॅमची आणि दोन ॲक्सलमधले अंतर ३१३ मिमी. ती १२० मिमी पुढे सरकवली तर २८० गुणिले १२० भागिले ३१३, म्हणजे १०७ ग्रॅम भार मागून पुढे जातो. प्रत्यक्षात काट्याने १२१० दाखवले. एवढ्या फरकाने तोच ट्रक तोच चढ चढू लागला. मोटर, टायर, गिअर यांना हातही लावावा लागला नाही. उंचीलाही तसेच महत्त्व आहे. बॅटरी जितकी खाली बसेल तितका ट्रक आडव्या उतारावर कमी कलंडतो, म्हणून पॅक चेसिसच्या दोन पट्ट्यांवर ठेवण्याऐवजी त्यांच्या मध्ये खाली उतरवता येतो का, हे आधी तपासावे.

आता प्लास्टिकविषयी. मी शेवटी ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर स्थिरावलो. आपल्याकडे शेतोशेती पाइपलाइन असल्यामुळे नव्या पाइपचा हातभर तुकडा कोणत्याही दुकानात सहज मिळतो. ११० मिमी बाहेरच्या व्यासाचा पाइप उभा चिरून उलगडला की साधारण ३३५ मिमी रुंदीचा पत्रा मिळतो. जाडी पाइपच्या प्रेशरच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून व्हर्नियरने मोजूनच घ्यावी. मी ३ मिमीच्या आसपासचा तुकडा निवडतो.

पत्रा सरळ करण्यासाठी मी हीट गन वापरत नाही, उकळते पाणी वापरतो. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि पाणी शंभरावर जात नाही, त्यामुळे माल जळण्याची भीतीच राहत नाही. चिरलेला तुकडा पसरट पातेल्यात पूर्ण बुडवावा, चार-पाच मिनिटांनी पकडीने काढावा आणि लगेच दोन प्लायवूडच्या तुकड्यांमध्ये दाबून वर पाट्याचे वजन ठेवावे. हाताशी अर्धा मिनिट असतो, म्हणून सगळी मांडणी आधी करून ठेवावी. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

येथेच माझा पहिला ट्रे फुकट गेला. मी गोल पाइपवरच मापे आखली, कापला आणि मग उकळत्या पाण्यात टाकला. बाहेर काढला तेव्हा तो लांबीत आखडलेला होता आणि बॅटरी आत बसेना. पाइप कारखान्यात ओढून निघतो, तो ताण त्यात थिजलेला असतो आणि पुन्हा तापवला की सुटतो. पाइपच्या मानकांमध्ये यासाठी वेगळी चाचणी असते, आणि १५० अंशांना तापवल्यावर लांबी ५ टक्क्यांपेक्षा जास्त घटू नये, अशी मर्यादा असते. पाण्यात ती घट तेवढी होत नाही, पण १४० मिमीच्या ट्रेला दोन-तीन मिमीसुद्धा पुरतात. म्हणून आधी पत्रा सरळ करावा, पूर्ण थंड होऊ द्यावा, आणि मगच आखणी करावी.

दुसरी चूक वळणाच्या हिशेबाची होती. टू-एस (दोन सेलचा) ५००० एमएएच हार्ड केस (कडक कवचाचा) लिथियम पॅक १३९ × ४७ × २५ मिमीच्या आसपास असतो. मी आतली रुंदी ४९ आणि भिंतींची उंची १८ धरली आणि पट्टी ४९ अधिक १८ अधिक १८, अशी ८५ मिमी कापली. भिंती दोन्हीकडे एकेक मिमीने बुटक्या आल्या आणि बॅटरी बांधायच्या पट्ट्यासाठी आधीच पाडलेली भोके चुकली. ३ मिमी जाडीचा पत्रा आतून ३ मिमी गोलाईने वळवला तर प्रत्येक वळणाला जाडीच्या मध्यावर ७ मिमी माल लागतो. तळाचा सपाट भाग ४३, दोन वळणांचे १४ आणि भिंतींचे सपाट भाग १५ अधिक १५ धरले की बेरीज ८७ होते. आता मी आधी पुठ्ठ्यावर नमुना काढतो आणि वळणाच्या रेषा जोडीने आखतो, म्हणजे वळण कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते दिसते. वळण देताना मात्र हीट गनच लागते, कारण तेथे फक्त ती रेषाच तापवायची असते. गन सतत हलती ठेवावी. माल पिवळसर होऊ लागला तर ताबडतोब थांबावे, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू निघतो. हे काम अंगणातच करावे.

फोटो संध्याकाळी टाकतो. कोणी दुसरे प्लास्टिक वापरले असेल तर अनुभव अवश्य लिहावा.

लळिंगपायथा (धुळे)

गिरणाकाठ, आपला लेख दोनदा वाचला. पत्रा आखडण्याचे कारण मला आजच कळले. मी तंत्रनिकेतनात शिकवते आणि आमच्याकडे थ्रीडी प्रिंटर असल्यामुळे माझे सगळे ट्रे छापलेले आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडते.

छापील ट्रेचा मोठा फायदा असा की ट्रकच्या चेसिसवरची भोके, स्टिअरिंग सर्व्होची (चाके वळवणाऱ्या मोटरची) जागा, वायर जाण्याची खाच हे सर्व संगणकावर एकदा आखले की दहा ट्रे एकसारखे निघतात. परंतु छपाईच्या प्लास्टिक धाग्याचा माल (पीएलए, पीईटीजी, एबीएस वगैरे) निवडताना आपल्या भागातले ऊन विसरता येत नाही. माझा पहिला ट्रे पीएलएचा होता. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडते. मे महिन्यात दुपारी ट्रक चारचाकीच्या मागच्या काचेजवळ ठेवून आम्ही लळिंगच्या पायथ्याशी जेवायला बसलो. तासाभराने पाहिले तर ट्रेचा तळ मध्यभागी खाली झोळ धरून ड्राइव्ह शाफ्टला टेकला होता. पट्ट्याने ताणलेल्या भिंती आत झुकल्या होत्या. बॅटरीला काही झाले नाही, पण ते नशीब होते. लिथियम पॉलिमर पॅक ६० अंशांपलीकडे जाऊ देऊ नये आणि ४५ अंशांच्या वर चार्जिंगला लावू नये, असे बहुतेक पॅकच्या माहितीपत्रकात दिलेले असते. जळगाव-भुसावळकडे तर मे महिन्यात सावलीतली हवाच ४५ अंशांवर जाते. तेव्हापासून मी पीईटीजी वापरते. ते ८० अंशांपर्यंत आकार धरून राहते आणि धडकेला पीएलएपेक्षा अधिक सोसते. एबीएस १०० अंशांपर्यंत टिकते, पण बंदिस्त प्रिंटर नसेल तर छापताना कोपरे उचलले जातात.

छापताना ट्रे कोणत्या बाजूवर उभा करायचा, यालाही महत्त्व आहे. थर एकमेकांना जेथे चिकटलेले असतात तेथेच छापील वस्तू तुटते. पट्टा ज्या कानांतून जातो ते कान थरांच्या रेषेवर उपटले जातील, अशी मांडणी करू नये.

पीव्हीसीविषयी मला एक शंका आहे. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो. थंडीत कडक पीव्हीसी ठिसूळ होते. सकाळी खडकांवर चालवताना तुमचा ट्रे कधी तडकला आहे का?

गिरणाकाठ (जळगाव)

होय, एकदा तडकला. तिसरा ट्रे जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास कोपऱ्यातून चिरला. त्या वेळी मी दोष थंडीलाच दिला होता. तो तुकडा शेतावरच्या जुन्या पाइपचा होता.

जुना फिटर (भुसावळ)

दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, परंतु चिरण्याचे मूळ कारण माझ्या मते वेगळे असावे. मी चाळीस वर्षे फिटर म्हणून काम केले, आता नातवाच्या ट्रकची दुरुस्ती माझ्याकडे असते. गिरणाकाठ भाऊ, आपण कोपरा कसा कापला होता? एक्सो ब्लेडने दोन्हीकडून काप घेऊन जेथे ते मिळतात तेथे आतला कोपरा काटकोनी सोडला असेल, तर भेग तेथूनच सुरू होणार. धातू असो वा प्लास्टिक, ताण टोकदार कोपऱ्यात गोळा होतो. म्हणून काप घेण्याआधी कोपऱ्याच्या बिंदूवर ४ मिमीचे भोक पाडावे आणि दोन्ही काप त्या भोकात येऊन थांबावेत, म्हणजे कोपरा आपोआप गोल राहतो. त्यानंतर बारीक कानस आणि पॉलिश पेपर फिरवून करवतीच्या दातांचे ओरखडे काढावेत, कारण प्रत्येक ओरखडा ही एक लहान भेगच असते. चिरलेला ट्रे वाचवायचा असेल तर भेगेच्या टोकाला ३ मिमीचे भोक पाडल्याने ती पुढे जायची थांबते.

जुन्या पाइपचा मुद्दाही खरा आहे. बांधावर उन्हात वर्षानुवर्षे पडलेला पाइप वरून पांढुरका, खडूसारखा होतो. बोटाला भुकटी लागली की तो तुकडा घेऊच नये.

आता बोल्टविषयी सांगतो. ट्रेला एम३ बोल्ट पुरतात, पण भोक ३ मिमीचे पाडू नये, साडेतीन मिमीचे पाडावे आणि नटाच्या बाजूला रुंद वायसर घालावा. प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. १४० मिमीचा पीव्हीसी तुकडा ३० अंशांच्या फरकाने सुमारे ०.३ मिमी वाढतो, आणि एचडीपीई (काळ्या पाइपचे प्लास्टिक) त्याच्या दुप्पट. घट्ट भोकात अडकवून चार कोपरे आवळले तर दुपारी ट्रेच्या तळाला फुगवटा येतो. माझी पद्धत अशी आहे की पुढची दोन भोके गोल ठेवावीत आणि मागची दोन लांबट करावीत. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) घ्यावा आणि वायसर हाताने फिरणार नाही इतपतच आवळावा.

बोल्टची टोपी ट्रेच्या आत वर आलेली राहू देऊ नये. काउंटरसिंक टोपीचा बोल्ट घ्यावा, भोकाला तिरका कड द्यावा आणि टोपी पृष्ठभागाच्या खाली बसली आहे याची खात्री बोटाने नाही, नखाने करावी. मऊ वेष्टनाच्या पॅकला ही टोपी धक्क्याधक्क्याने घासत राहते आणि एक दिवस आतल्या पापुद्र्यापर्यंत पोचते. वर २ मिमीचा ईव्हीए फोम चिकटवावा, पण उघडी टोपी फोमने झाकली म्हणजे झाले, असे समजू नये.

केळीबाग (रावेर)

नमस्कार. मी नवीन सदस्य आहे. आमच्याकडे केळीचे तुटके प्लास्टिक कॅरेट आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन भरपूर पडलेले असतात. त्यांचा पत्रा चालेल का? तुषार सिंचनाचे काळे पाइपही आहेत.

जुना फिटर (भुसावळ)

औषधाच्या कॅनला हात लावू नका. कितीही धुतले तरी औषध प्लास्टिकमध्ये मुरलेले असते आणि तापवले की त्याची वाफ नाकात जाते. उन्हात रापलेले कॅरेटही नको, ते पीव्हीसीपेक्षाही वाईट पद्धतीने तुटते, आणि कोठून तुटेल याचा अंदाज येत नाही.

काळा पाइप मात्र चांगला आहे. तो एचडीपीईचा असतो आणि त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेला असल्याने तो उन्हाला दाद देत नाही. थंडीतही तो ठिसूळ होत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. तो उकळत्या पाण्यात पुरेसा मऊ होत नाही, त्याला १३० अंशांच्या जवळ न्यावे लागते. शिवाय त्याला कोणतेही सोल्युशन चिकटत नाही. पीव्हीसीला नळजोडणीचे सोल्युशन लावून कान, खुंट्या, आडव्या पट्ट्या पक्क्या जोडता येतात, एचडीपीईला प्रत्येक जोड बोल्टने किंवा वेल्डिंगने करावा लागतो. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर पीव्हीसीपासून सुरुवात करा.

ठिबकच्या १६ मिमी लॅटरलचा एक उपयोग सांगतो. त्याचा तुकडा उभा चिरून ट्रेच्या काठावर चढवला की सिलिकॉन वायर काठावर कापली जात नाही.

तापीथडी (शिरपूर)

व्हॅक्यूम फॉर्मिंगचा कोणी उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. लाकडाचा साचा, खाली भोके पाडलेली पेटी, तिला जोडलेला घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणि वर लाकडी चौकटीत धरून तापवलेला २ मिमीचा एबीएस पत्रा, एवढ्यावर एकसंध, बिनकोपऱ्याचा ट्रे निघतो. साच्याच्या भिंतींना तीन ते पाच अंशांचा उतार द्यावा, नाहीतर थंड झालेला ट्रे साच्यावरून निघत नाही. दिसायला हा प्रकार सर्वांत सुबक आहे.

मजबुतीच्या बाबतीत मात्र माझी निराशा झाली आणि कारण हिशेबातच आहे. १४१ × ४९ मिमीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ६९०० चौरस मिमी. २० मिमी उंचीच्या चार भिंती धरल्या की त्यात आणखी ७६०० मिळतात. म्हणजे जवळपास तेवढ्याच मालाला दुपटीहून अधिक जागा झाकावी लागते, आणि २ मिमीचा पत्रा सरासरी एक मिमीवर येतो. तळाच्या कोपऱ्यांत तो त्याहूनही पातळ होतो, आणि धक्का तर तेथेच बसतो. मी आता ३ मिमीचा पत्रा वापरतो, पण तो घरगुती साधनांनी एकसारखा तापवणे कठीण जाते. एकाच ट्रेसाठी साचा घडवत बसू नये. पाच-सहा जणांना एकाच मापाचे ट्रे हवे असतील तरच ही खटपट परवडते.

वाळूउडी (अमळनेर)

मी क्रॉलर चालवत नाही, ट्रॅक्सस स्लॅशसारखा शॉर्ट कोर्स ट्रक उड्यांसाठी चालवतो. त्यामुळे माझा प्रश्न भार पुढे की मागे हा नाही, बॅटरी ट्रेमध्ये टिकते की नाही हा आहे. नांगरलेल्या काळ्या जमिनीतल्या ढेकळांवर ट्रक आपटला की सगळा जोर पट्ट्यावर येतो. एकच वेल्क्रो पट्टा मधोमध बांधलेला असताना माझी बॅटरी पुढच्या भिंतीवरून निसटली, बॅटरीच्या वायरचा एक्सटी६० जोड अर्धवट सुटला आणि वायर जमिनीवर घासत गेली. आता मी दोन पट्टे वापरतो आणि ते ट्रेच्या भिंतीतून नेत नाही. तळाच्या खालून, चेसिसलाही वेढा देऊन नेतो, म्हणजे ताण प्लास्टिकवर येत नाही. पुढच्या भिंतीची उंची पॅकच्या उंचीच्या दोनतृतीयांशाहून कमी ठेवू नये.

आणखी एक सूचना. ट्रे मापात अगदी घट्ट करू नये. लिथियम पॉलिमर पॅक वापराने थोडा फुगतो. घट्ट ट्रेमध्ये तो फुगल्याचे कळत नाही आणि काढताना पेचकसाने उचकटावा लागतो, जे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंना एकेक मिमी जागा आणि तिच्यात फोम, हे मला योग्य वाटते. ज्या दिवशी पॅक सहज निघत नाही त्या दिवशी तो वापरातून काढावा. चार्जिंगच्या वेळी तर बॅटरी ट्रेमधून काढूनच लावावी. पीव्हीसी स्वतःहून पेट घेत राहत नाही हे खरे असले, तरी पेटलेल्या लिथियम पॅकपुढे कोणताच ट्रे टिकत नाही.

लळिंगपायथा (धुळे)

जुना फिटर काका, लांबट भोकांची सूचना मी माझ्या पीईटीजीच्या आराखड्यात घेतली. गिरणाकाठ, पुढे आणलेला ट्रे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर लिंकला (ॲक्सल धरणाऱ्या दांडीला) किंवा सर्व्होला लागत नाही ना, हे आपण कसे तपासले?

गिरणाकाठ (जळगाव)

मुलांच्या खेळण्यातली मऊ माती वापरून. ट्रेच्या खालच्या अंगाला मातीचे बोटभर गोळे चिकटवायचे, शॉकमधल्या स्प्रिंग काढून ठेवायच्या, चाके एकेक करून पूर्ण वर दाबायची आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचे. मग गोळे सुरीने कापून उरलेली जाडी मोजायची. ३ मिमीपेक्षा कमी जागा उरली तर मी तेथे ट्रे कापतो. माझ्या ट्रकमध्ये डावी वरची लिंक ट्रेच्या मागच्या कोपऱ्याला टेकत होती. सपाट जमिनीवर ते कधीच दिसले नसते, कारण उजवे चाक खाली आणि डावे पूर्ण वर असतानाच ते घडते.

फिटर काकांनी विचारलेल्या कोपऱ्याचे उत्तर राहिले होते. तुटलेला ट्रे मी अडगळीतून काढून भिंगाखाली पाहिला. भेग अगदी काटकोनातून निघाली आहे आणि करवतीचा एक ओरखडा कोपऱ्याच्या पुढे दोन मिमी गेलेला स्पष्ट दिसतो. म्हणजे थंडी, जुना पाइप आणि माझा काप, तिन्ही एकत्र आले होते. रविवारी नव्या पाइपचा आठवा ट्रे केला. कोपऱ्यांत ४ मिमीची भोके, मागे लांबट भोके, दोन पट्टे चेसिसखालून. त्याचे वजन ४१ ग्रॅम भरले. तळाला वायुवीजनासाठी १० मिमीची सहा भोके पाडल्यावर ते ३९ झाले. केळीबाग यांच्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना मोजपट्टीसह सपाट ठेवून फोटो काढला आहे. छापताना आखणीतली १०० मिमीची रेषा कागदावर १०० मिमीच भरते आहे, हे आधी पाहून घ्यावे.

केळीबाग (रावेर)

नमुना मिळाला. रेषा ९७ मिमी भरली, म्हणून प्रिंटरमधली कागदाला बसवण्याची सोय बंद करून पुन्हा छापला, आता १०० आहे. पाइपचा तुकडा उद्या आणतो.